निवृत्त सरांना कॉलेजात जागा कुठे?

कॉलेजातला निरोप समारंभ आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. शाल, श्रीफळ, मानपत्र, भिंतीवरचे एखादे घड्याळ. प्राचार्य भाषणात सांगतात, "सर पदावरून निवृत्त होत आहेत, आमच्या मनातून नाही. कॉलेजचे दरवाजे सरांसाठी कायम उघडे आहेत." टाळ्या होतात, फोटो निघतो, जेवणे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना खरोखरच कॉलेजात यायचे असेल तर त्यांनी बसायचे कुठे, हे मात्र कोणीही ठरवलेले नसते. स्टाफरूममधली खुर्ची दुसऱ्याला दिलेली असते. कपाटाची किल्ली जमा झालेली असते. लायब्ररीचे कार्ड 'नो ड्यूज'च्या कागदावर सही घेतानाच परत गेलेले असते. दरवाजा उघडा असतो, पण आत जाऊन करायचे काय, याचे उत्तर नसते.

माझे म्हणणे साधे आहे. निवृत्त प्राध्यापकांना पुन्हा नोकरी देऊ नका. त्यांना कॉलेजात एक टेबल द्या, लायब्ररीचे कार्ड द्या आणि आठवड्यातला एक ठरलेला तास द्या. यात त्यांचा मान राखला जाईल हे खरेच, पण त्याहून मोठे कारण आपली गरज हे आहे. विशेषतः उर्दू, फारसी, मोडी, दखनी अशा विषयांत एक माणूस घरी बसला की त्याच्याबरोबर एक अख्खे कपाट बंद होते आणि त्याची किल्ली दुसऱ्या कोणाकडेच नसते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. विद्यापीठाशी माझा संबंध विद्यार्थिनी म्हणून आला, आणि आता माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींमुळे येतो. उर्दू माध्यमातून दहावी-बारावी झालेली मुलगी पदवी कॉलेजात जाते तेव्हा तिच्या घरात त्या वाटेने आधी कोणीच गेलेले नसते. अर्ज कसा लिहायचा, स्कॉलरशिपच्या फॉर्ममध्ये काय भरायचे, एम.ए.ला विषय कोणता घ्यायचा, सेट-नेट म्हणजे काय, हे विचारायला तिला कोणीतरी वडीलधारे माणूस लागते. आजच्या कायम प्राध्यापकांकडे वेळ नाही. तास, परीक्षा, नॅकच्या फायली, ऑनलाइन नोंदी यातच त्यांचा दिवस संपतो. ज्यांच्याकडे वेळ आणि अनुभव दोन्ही आहे ते सर मोहल्ल्यात दोन गल्ल्या सोडून राहतात, सकाळी दूध आणायला जातात आणि दुपारी वर्तमानपत्र दोनदा वाचतात.

आधी नियम काय आहेत ते पाहू. महाराष्ट्रात राज्याच्या विद्यापीठांतला आणि अनुदानित कॉलेजांतला प्राध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होतो. केंद्रीय विद्यापीठांत हे वय ६५ आहे. म्हणजे हैदराबादच्या मौलाना आझाद नॅशनल उर्दू युनिव्हर्सिटीत किंवा अलीगढला उर्दू शिकवणारा माणूस ज्या वयात वर्ग घेत असतो, त्याच वयाचा त्याचा महाराष्ट्रातला मित्र पाच वर्षे घरी बसलेला असतो. दोघांची तब्येत आणि अभ्यास सारखाच असेल. फरक फक्त पगार कोणत्या सरकारचा, एवढाच.

पीएच.डी.चे नियमही पाहण्यासारखे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकाला नवीन संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. आधी नोंदवलेल्या विद्यार्थ्यांना तो निवृत्तीनंतर सहमार्गदर्शक म्हणून पाहू शकतो, तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच. विद्यार्थी मध्येच वाऱ्यावर सुटू नये हा त्यामागचा विचार बरोबर आहे. पण मोठ्या विभागात हे खपून जाते. जिथे सगळ्या विभागात मिळून एक किंवा दोनच माणसे आहेत, तिथे त्या विषयातले नवीन संशोधन निवृत्तीच्या तीन वर्षे आधीच थांबते. नंतर ती जागा भरली जाईलच याची खात्री नसते. आपल्याकडे उर्दू-फारसीच्या जागा कशा रिकाम्या राहतात हे वाचकांना मी नव्याने सांगायला नको.

आयोगाने २०२२ च्या शिक्षकदिनी निवृत्त प्राध्यापकांसाठी एक फेलोशिप जाहीर केली. महिना ५०,००० रुपये, वयाची मर्यादा ६७, आणि देशभरात जागा १००. त्यासाठी दहा पीएच.डी. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन आणि तीन प्रायोजित संशोधन प्रकल्प अशा अटी. देशात कॉलेजे ४०,००० हून जास्त आहेत. ज्यांनी आयुष्यभर तालुक्याच्या गावी बी.ए.च्या मुलांना शिकवले, ज्यांच्या कॉलेजात पीएच.डी.चे केंद्रच नव्हते, त्या सर-मॅडमचा यात विचारच नाही. त्याच वर्षी 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही दुसरी योजना आली. उद्योग, कला, प्रशासन अशा क्षेत्रांतले अनुभवी लोक वर्गात यावेत म्हणून ती आहे, आणि त्यात स्पष्ट लिहिले आहे की अध्यापनात असलेल्या किंवा त्यातून निवृत्त झालेल्या माणसाला ती लागू नाही. त्या योजनेपुरते ते योग्यच आहे. पण दोन्ही योजना शेजारी ठेवल्या की दिसते, सामान्य निवृत्त प्राध्यापक दोन्हीकडून बाहेर राहतो.

गंमत अशी की धोरणात मात्र त्याची आठवण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मार्गदर्शनासाठी एक राष्ट्रीय मिशन सुचवले आहे. त्यात ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांचा मोठा गट तयार करावा आणि भारतीय भाषांतून शिकवू शकणाऱ्यांचाही त्यात समावेश असावा असे म्हटले आहे. हे प्राध्यापक सेवेतल्या अध्यापकांना मार्गदर्शन करतील अशी कल्पना आहे. कागदावर चांगले आहे. पण दिल्लीहून मिशन उतरून आपल्या कॉलेजच्या पायरीपर्यंत येईल तोवर आणखी किती निरोप समारंभ होतील?

आता सरकार दुसऱ्या क्षेत्रातल्या निवृत्तांना कसे वागवते ते बघा. न्यायाधीश निवृत्त झाला की चौकशी आयोग, समिती, लवाद असे काहीतरी त्याच्याकडे येते. सनदी अधिकारी निवृत्त झाला की त्याला विशेष कार्य अधिकारी करतात. त्यांचा अनुभव वाया जाऊ नये असे सरकारला वाटते. प्राध्यापकाच्या अनुभवाबद्दल तसे का वाटत नाही?

यातले एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. २०२३ साली राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळचे महसुली कागद उर्दूत आहेत, जुने कागद फारसीत किंवा मोडीतही आहेत. कागद होते, कचेऱ्यांत गठ्ठे बांधलेले होते. ते वाचणारी माणसे मात्र शोधावी लागली. ज्या भाषेला आपण 'आता तिचा उपयोग काय' म्हणून विभागासकट बाजूला सारतो, त्याच भाषेतल्या एका ओळीवर लाखो लोकांचा जातीचा दाखला अवलंबून होता. मराठा समाजातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या पणजोबांची नोंद उर्दू घसीट अक्षरात आहे आणि ती वाचायला निवृत्त उर्दू शिक्षक लागतो, यापेक्षा भाषांचा आणि माणसांचा संबंध अधिक चांगला कोण समजावून सांगणार? उद्या वक्फच्या जमिनीचा, इनामाचा, जुन्या वाटणीचा कागद पुढे आला की पुन्हा तीच शोधाशोध होणार आहे. दर वेळी घाईघाईत माणसे शोधण्यापेक्षा जी आहेत त्यांना धरून ठेवावे आणि त्यांच्याकडून चार तरुणांनी हे वाचन शिकून घ्यावे, एवढे तरी आपण करू शकतो.

माझ्या ओळखीतले एक सर फारसी शिकवायचे. निवृत्तीनंतर वर्षभराने ते एक संदर्भग्रंथ पाहायला आपल्याच जुन्या कॉलेजात गेले. गेटवरचा मुलगा नवीन होता. त्याने ओळखपत्र मागितले. ते तर जमा झालेले. मग रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावले, आणि 'येण्याचे कारण' या रकान्यात त्या मुलानेच 'खाजगी काम' असे लिहून टाकले. मुलाची काही चूक नव्हती, त्याला तसेच सांगितलेले होते. सर पुस्तक पाहून आले, पण परत कधी गेले नाहीत. मी विचारले तेव्हा एवढेच म्हणाले, "बेटा, तेहतीस वर्षं जिथे काम केलं, तिथे माझं आता खाजगी काम आहे."

पुढे माझी एक माजी विद्यार्थिनी आपल्या दादांच्या काळातले काही कागद घेऊन आली. मला छापील उर्दू येते, पण ते शिकस्ता अक्षर माझ्याही आवाक्याबाहेरचे होते. मी तिला सरांकडे घेऊन गेले. सरांनी भिंग काढले, कागद उजेडाकडे धरला आणि तासाभरात त्यातला प्रत्येक आकडा, प्रत्येक नाव वाचून दाखवले. त्या तासात ती मुलगी जे शिकली ते तिला कोणत्याही सेमिस्टरमध्ये मिळाले नसते. आज सर नाहीत. मुले परगावी. फ्लॅट रिकामा करायचा होता म्हणून पुस्तकांची पोती रद्दीवाल्याकडे गेली. कॉलेजने ती मागितली नाहीत, कारण ती आहेत हेच कॉलेजातल्या कोणाला माहीत नव्हते. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. ज्याला लिपी येत नाही त्याच्यासाठी ती पोतीच असतात.

याच्या उलट, जिथे संस्थेने माणसाला जागा ठेवली तिथे काय झाले हेही आपल्याला माहीत आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका उभी केली, २००३ मध्ये ते संचालकपदावरून निवृत्त झाले, आणि त्यानंतर एमेरिटस म्हणजे गुणश्री प्राध्यापक म्हणून त्याच संस्थेशी जोडलेले राहिले, ते २०२५ च्या मे महिन्यात गेले तोपर्यंत. ही २२ वर्षे होतात. त्यांचे 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र याच काळातले, त्याला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. संचालकाची खुर्ची दुसऱ्याकडे गेली होती. संस्था नव्या लोकांनी चालवली. नारळीकरांचे तिथे असणे कोणाला अडचणीचे झाले नाही.

उर्दूच्या बाजूला मुंबईत डॉ. अब्दुस सत्तार दळवी यांचे उदाहरण आहे. ते मुंबई विद्यापीठाच्या उर्दू विभागाचे प्रमुख होते. विद्यापीठातली कारकीर्द संपली तरी अंजुमन-ए-इस्लामच्या उर्दू रिसर्च इन्स्टिट्यूटची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि मराठी-उर्दू यांच्यातले त्यांचे काम चालू राहिले. ही संशोधन संस्था १९४७ सालची. एका शिक्षणसंस्थेने आपल्या छताखाली अशी एक जागा बांधून ठेवली होती, म्हणून एका अभ्यासकाला पुढे काम करायला ठिकाण मिळाले.

प्रा. यू. म. पठाण तर आपल्या सगळ्यांच्या अभिमानाचे. मराठवाडा विद्यापीठात मराठी विभागाचे प्रमुख, संत आणि महानुभाव साहित्याचे अभ्यासक. १९९० साली, साठीच्या उंबरठ्यावर, ते पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पद्मश्री मिळाली २००७ मध्ये, म्हणजे नोकरदाराच्या हिशेबाने माणूस 'संपतो' त्यानंतर १७ वर्षांनी. त्याच १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यामागे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर होते. ते राज्यशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्तीनंतर २०१८ मध्ये निधन होईपर्यंत ते लिहीत राहिले. कितीतरी तरुण अभ्यासक त्यांच्या घरी जाऊन शिकले, पुस्तके घेऊन गेले, वाद घालून आले. मराठी मुस्लिम समाजाबद्दल आज जी मांडणी आपण गृहीत धरतो, तिचा मोठा भाग त्या घरातल्या बैठकीत तयार झाला.

बेन्नूर सरांच्या घरी जे झाले ते प्रत्येकाच्या घरी होत नाही. त्यासाठी ओळख लागते, मोठे नाव लागते, घरात बसायला जागा लागते. आणि मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. अनोळखी सरांच्या घरी एकटी मुलगी जाऊन बसेल, याला किती घरांत परवानगी मिळेल? तेच सर कॉलेजच्या लायब्ररीत, सगळ्यांसमोर, ठरलेल्या वेळी बसले असतील तर कोणाचीच हरकत नसते. म्हणून मी टेबल म्हणते. टेबलामुळे ओळख नसलेल्यालाही सरांपर्यंत पोहोचता येते.

निवृत्त प्राध्यापिकांचे तर वेगळेच आहे. मॅडम निवृत्त झाल्या की घरातले सगळे खूश होतात. "आता तुम्ही मोकळ्याच." मग नातवंडांची शाळा, सुनेची नोकरी, आजारी नणंद, पाहुणे, सगळे त्यांच्यावर येते. ज्या बाईने तीस वर्षे मानसशास्त्र शिकवले तिला एक पुस्तक सलग वाचायला दुपार मिळत नाही. "मंगळवारी अकरा ते एक मला कॉलेजात जायचे आहे" हे वाक्य उच्चारायला तिला एक अधिकृत कारण लागते. कॉलेजचे एक पत्र तिला ते कारण देऊ शकते. आपल्या समाजात आत्ता कुठे अशा निवृत्त प्राध्यापिकांची पहिली मोठी पिढी तयार होते आहे. ती स्वयंपाकघरात परत जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो माझ्या ओळखीतल्या तरुणांचाच आहे. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली मुले तासिका तत्त्वावर राबतात. वर्षातले काही महिनेच काम, तासावर पैसे, तेही वेळेवर नाहीत. अशा वेळी पेन्शन घेणाऱ्या माणसाला पुन्हा कॉलेजात आणायचे म्हणजे तरुणांच्या ताटातला घास काढणे नाही का? शंका खरी आहे, कारण संस्थाचालकांना फुकट किंवा स्वस्तात शिकवणारा माणूस मिळाला तर ते जागा भरण्याची मागणी करणार नाहीत. म्हणून माझी पहिली अट हीच आहे की निवृत्त प्राध्यापकाने वेळापत्रकातला एकही तास घ्यायचा नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे नाहीत. शिक्षकांच्या संख्येत त्याचे नाव दाखवायचे नाही. ठरावातच तसे लिहावे. उलट मला तर वाटते की पेन्शन सुरू असलेला, कोणाची भीती नसलेला ज्येष्ठ माणूस 'आमच्या विभागातली जागा भरा' असे निवेदन लिहायला सगळ्यांत योग्य. तासिकेवरचा मुलगा ते लिहू शकत नाही, त्याला पुढच्या जूनची चिंता असते.

दुसरा आक्षेप कायम प्राध्यापकांचा. "सर गेले म्हणून आम्ही श्वास घेतला, त्यांना परत कुठे आणता?" हेही समजून घ्यायला हवे. काही लोक निवृत्त होतात पण विभागप्रमुखाच्या केबिनमधून उठत नाहीत. कोणाला मार्गदर्शक द्यायचा, कोणाला संमेलनाला पाठवायचे, यात बोट घालतात. नव्या अभ्यासक्रमावर "आमच्या वेळी" सुरू करतात. उस्तादाचा अदब राखायचा म्हणून कोणी बोलत नाही, पण मनातून सगळे वैतागतात. त्यावर उपाय अदब कमी करणे हा नाही, हद्द आखणे हा आहे. मत नाही, सही नाही, कोणत्याही समितीत जागा नाही, आणि टेबल विभागात नाही तर लायब्ररीत. मुदत एक वर्षाची. विभागाची संमती असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा. ज्यांना फक्त अधिकार हवा होता ते आपोआप येणे बंद करतील. ज्यांना शिकवण्याची ओढ आहे ते येत राहतील.

तिसरा आक्षेप असा की या लोकांचे ज्ञान जुने झाले, मुलांना आता सगळे मोबाइलवर मिळते. काही विषयांत हे खरे असेल. पण हाताने लिहिलेला शिकस्ता कागद, गावोगावच्या दखनी बोलीतले शब्द, या कॉलेजात कोणत्या वर्षी मुलींचा पहिला वर्ग सुरू झाला आणि तेव्हा कोणी विरोध केला, हे मोबाइलवर नाही. ते काही माणसांच्या आठवणीत आहे आणि ती माणसे सत्तरीत आहेत.

मग नेमके काय करायचे? मला चार कामे दिसतात. पहिले, वाचनाचा तास. आठवड्यातून एकदा निवृत्त सर किंवा मॅडम लायब्ररीत बसतील, ज्याला जो कागद, जे पुस्तक, जो अर्ज दाखवायचा आहे तो दाखवेल. दुसरे, पहिल्या वर्षाच्या मुलांना हाताशी धरणे. प्रत्येक निवृत्त प्राध्यापकाकडे पाच-सहा मुले, विशेषतः ज्यांच्या घरातले कोणी कॉलेजात गेलेले नाही अशी. वर्षभर त्यांच्या अडचणी विचारायच्या, बस. तिसरे, कॉलेजची आठवण जपणे. जुनी वार्षिके, फोटो, हस्तलिखिते, मुशायऱ्यांच्या पत्रिका यांची यादी करायची, आणि प्रत्येक ज्येष्ठ शिक्षकाची तास-दोन तासांची मुलाखत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून लायब्ररीत ठेवायची. चौथे, त्यांच्या घरच्या पुस्तकांची यादी ते असतानाच करायची. पुस्तके लगेच मागू नयेत. अभ्यासकाकडून त्याची पुस्तके हयातीत काढून घेणे क्रूरपणाचे आहे. पण यादी आणि एक इच्छापत्र असले की नंतर पोती बांधली जाणार नाहीत.

याचा खर्च किती? एक टेबल, दोन खुर्च्या, एक ओळखपत्र, लायब्ररीचे कार्ड, कॉलेजचा ईमेल पत्ता आणि दोन वेळचा चहा. दूरच्या माणसाला रिक्षाचे भाडे. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत निवृत्त प्राध्यापकाचे लायब्ररी कार्ड आणि ईमेल चालूच ठेवतात, त्यांच्या स्वतःच्या संघटना असतात. ते श्रीमंत आहेत म्हणून सगळे त्यांना जमते असे म्हणायची आपल्याला सवय आहे. लायब्ररीचे कार्ड परत न मागण्यासाठी श्रीमंती लागत नाही.

यासाठी शासनाचा जीआर यायची वाट पाहायलाही नको. आपल्या समाजाच्या कितीतरी कॉलेजांचा कारभार स्वतःच्या ट्रस्टकडे आहे. इमारतीच्या रंगकामाचा ठराव ते एका बैठकीत करतात, हाही करू शकतात. ट्रस्टवर बसलेल्या भाईसाहेबांना माझी विनंती आहे की जूनच्या आधीच्या बैठकीत हा विषय घ्या. निरोप समारंभाच्या दिवशी शालीबरोबर पुढच्या वर्षाचे ओळखपत्रही हातात द्या.

निवृत्त सर-मॅडमनाही थोडे सांगायचे आहे. बोलावणे येण्याची वाट पाहू नका. मान दुखावला असेल, तरी एकदा प्राचार्यांना दोन ओळींचे पत्र लिहा की मला इतका वेळ आहे आणि इतके काम करता येईल. इल्म ही अमानत आहे असे तुम्हीच आम्हाला वर्गात शिकवले होते. ज्याने ती सोपवली तो गेटवरचे रजिस्टर बघत नाही.

आणि आपण, त्यांचे जुने विद्यार्थी? ट्रस्टने ठराव केला नाही, प्राचार्यांनी उत्तर दिले नाही, तरी एक काम आपल्या हातात उरतेच. या रविवारी आपल्या एखाद्या जुन्या सरांकडे जा. सोबत वही आणि शाळा-कॉलेजात जाणारे घरातले एक मूल घ्या. सलाम करा, चहा घ्या, आणि कपाटातल्या पहिल्या खणातल्या पुस्तकांची नावे सरांना विचारत विचारत लिहून काढा. बाकीचे खण पुढच्या रविवारी.